ओहायोत कायद्याविरुद्ध सह्या गोळा करताना : नव्याने उतरणाऱ्या शिक्षकांसाठी

भारतात सह्यांची मोहीम म्हटली की निवेदन आठवतं. वर संघटनेचं लेटरहेड, खाली शे-दोनशे सह्या, साहेबांच्या हाती कागद देतानाचा फोटो आणि पुढे वाट बघणं. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र विधिमंडळाने मंजूर केलेला आणि गव्हर्नरने सही केलेला कायदा मतदारांच्या सह्यांनी अडवता येतो. मुदतीत पुरेशा वैध सह्या दाखल झाल्या की अंमलबजावणी थांबते आणि कायदा टिकणार की जाणार ते निवडणुकीत मतदार ठरवतात. याला तिथे रेफरेंडम म्हणतात.

शिक्षकांनी हा मार्ग बऱ्याचदा वापरला आहे. युटात २००७ साली खासगी शाळांच्या व्हाउचरचा, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे देण्याचा, कायदा असाच मतदानाला गेला आणि पडला. आयडाहोत २०१२ मध्ये शिक्षणविषयक तीन कायदे एकाच दिवशी मतदारांनी फेटाळले. ओहायोत २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क आवळणारा ‘सेनेट बिल ५’ शिक्षक, पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक यांनी एकत्र येऊन उलथवला. त्याच ओहायोत २०२५ मध्ये विद्यापीठांवरच्या ‘सेनेट बिल १’ विरुद्ध यंग्जटाउन स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांनी पुढाकार घेतला, पण सह्या कमी पडल्या. यश आणि अपयश दोन्ही एकाच नियमांखाली पाहायला मिळतं, म्हणून इथे उदाहरण ओहायोचं घेतलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकांना पटवणं हा यातला सोपा भाग. अवघड आहे तो कागद, आणि नवे लोक नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात.

आधी बघा : तुमच्या राज्यात ही सोय आहे का?

न्यू जर्सी, टेक्सास, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, जॉर्जिया. मराठी माणसं भरपूर असलेली ही राज्यं, पण यांपैकी कुठेही सह्या गोळा करून राज्याचा कायदा मतदानाला नेता येत नाही. तिथे सह्यांचा कागद म्हणजे आपल्याकडचं निवेदनच. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिशिगन, ॲरिझोना, ओहायो, युटा, नेब्रास्का इथे ही सोय आहे, पण प्रत्येक राज्याचा आकडा, मुदत आणि अर्जाचा नमुना वेगळा. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव ऐकावा जरूर, त्यावर विसंबू नये.

सोय असली तरी सगळे कायदे तिच्या कक्षेत येत नाहीत. ओहायोत करआकारणीचे कायदे, राज्याच्या चालू खर्चाची तरतूद आणि तातडीचे म्हणून मंजूर झालेले कायदे वगळलेले आहेत. युटात दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मंजूर झालेल्या कायद्याला हात लावता येत नाही. तेव्हा कायद्याचा मजकूर कितीही संतापजनक असो, आधी तो किती मतांनी आणि कोणत्या शीर्षकाखाली मंजूर झाला ते पाहा. पहिल्याच बैठकीला निवडणूक कायद्याचा वकील हवा. नंतर गाठू म्हटलं तर उशीर होतो.

नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

ओहायोत गव्हर्नरची सही झालेला कायदा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्यातल्या निवडणुकांचं काम बघणारा अधिकारी) कार्यालयात दाखल होतो आणि त्या दिवसापासून नव्वद दिवस मोजले जातात. ऐकायला भरपूर वाटतात. पण आधी तीन ते पाच जणांची अर्जदार समिती नेमायची, कायद्याचा गोषवारा लिहायचा, त्यासोबत एक हजार मतदारांच्या सह्या जोडायच्या आणि ते सगळं ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, द्यायचं. गोषवारा कायद्याचं खरं चित्र देतो की नाही ते ॲटर्नी जनरल तपासतात. नापसंत पडला तर परत. या काळात घड्याळ थांबत नाही.

२०२५ मध्ये कायद्यावर सही झाली मार्चच्या अखेरीस. मोठ्या प्रमाणात सह्या घ्यायला परवानगी मिळेपर्यंत मे उजाडला आणि शेवटची तारीख होती २६ जून. म्हणजे हातात राहिले जेमतेम सात आठवडे. गरज होती २,४८,०९२ वैध सह्यांची, जमल्या सुमारे १ लाख ९५ हजार. बहुतांश कष्ट पदरमोड करून राबणाऱ्या स्वयंसेवकांचे होते, आणि त्या मानाने तो आकडा थक्क करणारा आहे. तरीही कायदा लागू झाला.

यातून घ्यायचं ते इतकंच : विधेयक सभागृहात असतानाच तयारीला लागा. समितीत कोण, खजिनदार कोण, छपाई कुठे, कोणत्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) कोण माणूस, हे गव्हर्नरची सही होण्याआधी कागदावर यावं. गोषवाऱ्याची भाषा रूक्ष ठेवा. त्यात ‘काळा कायदा’ वगैरे शब्द घातले की तो परत आलाच म्हणून समजा.

आकडा एक नाही, दोन आहेत

ओहायोत गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या ६ टक्के सह्या राज्यभरातून लागतात. शिवाय ८८ पैकी किमान ४४ काउंट्यांतून, प्रत्येक काउंटीतल्या मतांच्या ३ टक्के. कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटी या तीन शहरांत टेबलं मांडून पहिला आकडा गाठता येईलही, दुसरा गाठता येणार नाही.

नवी मंडळी शहरातच रमतात, कारण तिथे सह्या भराभर मिळतात. व्हिंटनसारख्या राज्यातल्या सगळ्यात कमी वस्तीच्या काउंटीत मात्र दोनशेच्या आतल्या सह्यांत भागतं. तिथल्या शाळेत शिकवणारा, सगळ्यांना नावाने ओळखणारा एकच शिक्षक असला तरी एक काउंटी खिशात येते. शिक्षकांचं खरं बळ इथे आहे. प्रत्येक गावात शाळा आहे, म्हणजे प्रत्येक गावात आपला माणूस आहे. समितीने भिंतीवर ८८ काउंट्यांचा नकाशा लावावा आणि दर रविवारी रात्री रंग भरावेत.

दाखल केलेल्या सह्यांपैकी बऱ्याच बाद होतात, हेही आधीपासून धरून चाला. २०११ मध्ये गरज होती साधारण २ लाख ३१ हजारांची, दाखल केल्या १२,९८,३०१ आणि वैध ठरल्या ९,१५,४५६. इतक्या जोमाच्या, पैशाने आणि माणसांनी तुडुंब मोहिमेतही दहातल्या जवळपास तीन सह्या गेल्या. तुमचं उद्दिष्ट गरजेच्या दीडपट ठेवा.

कागद

ओहायोत सह्यांचा एकेक संच म्हणजे पुस्तिकाच असते. तिच्यात कायद्याचा संपूर्ण मजकूर छापावा लागतो. कायदा लांबलचक असला की पुस्तिका जाड आणि छपाईचं बिल त्याहून जाड. ही पुस्तिका घरच्या प्रिंटरवर काढू नका, पिना काढून पानं सुटी करू नका, सोयीचं म्हणून फक्त सह्यांचं पान क्लिपबोर्डला लावू नका. समितीकडून आली तशीच वापरायची आणि तशीच परत द्यायची.

एका पुस्तिकेत एकाच काउंटीतल्या मतदारांच्या सह्या. काउंटीचं नाव वर लिहिलेलं असतं, दुसऱ्या काउंटीतल्या माणसाची सही त्यात बाद. सोपं वाटतं, पण कोलंबसच्या उत्तरेला डब्लिनमध्ये उभे राहून पाहा. ते एकच गाव फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन अशा तीन काउंट्यांत पसरलेलं आहे. पत्ता डब्लिनचा म्हणून माणूस फ्रँकलिनचा, असं होत नाही. म्हणून टेबलावर तीन पुस्तिका, तिन्हींवर वेगवेगळ्या रंगाची चिठ्ठी, आणि पहिला प्रश्न ‘तुम्ही कायद्याच्या विरोधात आहात का’ हा न विचारता ‘तुमची मतदार नोंदणी कोणत्या काउंटीत आहे’ हा विचारायचा. माहीत नाही म्हणाले तर राज्याच्या संकेतस्थळावर फोनवरून मिनिटभरात बघता येतं. हे काम टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या माणसाचं. एकट्याने टेबल सांभाळायला जाऊ नये ते यासाठीच.

सही करणाऱ्याने काय लिहायचं? शाईच्या पेनाने सही, सुवाच्य अक्षरात नाव, नोंदणीत आहे तोच पत्ता, आणि त्या दिवसाची तारीख. सगळं स्वतःच्या हाताने. ‘त्यांचं पण मीच करते’ म्हणत नवऱ्याच्या नावाने सही करणारी बाई दिवसाला एक तरी भेटते. तिला हसून, पण ठामपणे थांबवा. सही नोंदणीतल्या सहीशी जुळावी लागते. आपल्या लोकांत इथे एक गंमत होते. काहींची नागरिकत्वानंतरच्या नोंदणीतली सही देवनागरीत असते आणि टेबलापाशी मात्र घाईत रोमन अक्षरांत केली जाते. जशी तिथे केली तशीच इथे करा, हे सांगावं लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या आणि घर बदललेल्या मतदारांनी आधी नोंदणी दुरुस्त करून घ्यावी आणि मगच सही करावी.

कॉलेजच्या आवारात काम करणाऱ्यांना आणखी एक डोकेदुखी असते. विद्यार्थी उत्साहाने रांग लावतात, पण निम्म्यांची नोंदणी आईवडिलांच्या गावची असते आणि काहींची नसतेच. त्या रांगेतून मिळालेला गठ्ठा दिसतो मोठा, उतरतो कमी.

प्रत्येक सही ती गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. पुस्तिका शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर सोडून ‘ज्यांना करायची त्यांनी करा’ म्हणून निघून गेलात तर ती पुस्तिका गेली. आणि जी पुस्तिका तुम्ही फिरवताय तिच्यात तुमची स्वतःची सही करू नका, ती सहकाऱ्याच्या पुस्तिकेत करा.

शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र असतं. त्यात आपल्यासमोर किती सह्या झाल्या तो आकडा लिहायचा असतो. इथे सगळ्यात जास्त घात होतो. लिहिलेला आकडा प्रत्यक्ष सह्यांपेक्षा कमी निघाला तर अख्खी पुस्तिका बाद होते, त्यातल्या सगळ्या चांगल्या सह्यांसकट. म्हणून आकडा आधी भरून ठेवू नका. काम संपलं की मोजा, चुकलेल्या ओळींवर स्वच्छ आडवी रेघ मारा, दुसऱ्याकडून मोजून घ्या, मग आकडा लिहा, मग सही करा, आणि त्यानंतर त्या पुस्तिकेत एकही नवी सही घेऊ नका. पुस्तिकेवर ठळक छापलेलं असतं की खोटी माहिती देणं हा पाचव्या श्रेणीचा फौजदारी गुन्हा आहे. घाबरायचं कारण नाही, पण थट्टाही नाही.

उत्तरपत्रिकांची बेरीज दोनदा तपासणाऱ्या माणसांना हे काम जमतं, असं मला मनापासून वाटतं. भाषण ठोकणारे वेगळे आणि संध्याकाळी पुस्तिका घेऊन ओळ न ओळ तपासणारे वेगळे. दुसरे आधी शोधा.

तुम्ही स्वतः सही करू शकता का?

सही फक्त नोंदणीकृत मतदाराची, म्हणजे अमेरिकी नागरिकाची. एच-१बी किंवा जे-१ व्हिसावर शिकवणाऱ्यांनी आणि ग्रीन कार्डधारकांनी कितीही वाटलं तरी सही करू नये. टेबलापाशी कुणी उत्साहाने मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर तोही भरू नये. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला खीळ बसू शकते, प्रसंगी देश सोडायची पाळी येऊ शकते. पैशांचंही तसंच. ओहायोत २०२४ च्या कायद्याने परदेशी नागरिकांना, त्यात ग्रीन कार्डधारकही आले, अशा मोहिमांना देणगी द्यायला मनाई केली आणि त्यावरून न्यायालयात वाद झाले. पाच डॉलरचा डबा समोर आला तरी वकिलाला विचारल्याशिवाय हात खिशात घालू नका. हे वाचून वाईट वाटेल, पण टेबलाशी उभं राहणाऱ्या मित्राने हे आधीच सांगितलेलं बरं.

नागरिक असलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सह्यांचे कागद सरकारदरबारी दाखल झाले की ते सार्वजनिक दस्तऐवज होतात. अशी नावं उघड करण्याला एकूणात हरकत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘डो विरुद्ध रीड’ खटल्यात म्हटलं. नोकरीत अजून कायम न झालेल्या सहकाऱ्याला हे सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. आग्रह करू नका.

शाळेची हद्द

शिक्षकाला नागरिक म्हणून सार्वजनिक प्रश्नावर बोलायचा हक्क आहे. १९६८ च्या पिकरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. पण तो हक्क तुमच्या वेळेत, तुमच्या फोनवरून, तुमच्या कागदावर. शाळेचा ईमेल, शाळेचं झेरॉक्स मशीन, तासिकेची वेळ, मुलांच्या दप्तरात घातलेली चिठ्ठी, यातलं काहीही वापरू नका. विरोधक याचीच वाट बघत असतात आणि मग बातमी कायद्याची न होता तुमची होते. पालकसभा संपल्यावर फाटकाबाहेरच्या सार्वजनिक फुटपाथवर उभं राहायला सहसा अडचण नसते. आत वर्गात, फळ्यासमोर, नाही म्हणजे नाही.

टेबल कुठे मांडायचं

ग्रंथालयाबाहेर, शेतकरी बाजारात, काउंटीच्या जत्रेत, उद्यानातल्या संगीताच्या कार्यक्रमाला. मॉल आणि दुकानांचा आवार खासगी असतो, लेखी परवानगी घ्या, नाहीतर तासाभरात सुरक्षारक्षक येतो आणि दुपार वाया जाते.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे मतदान केंद्राच्या बाहेर. अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष सोडलं तर ओहायोत मे महिन्यात प्राथमिक निवडणूक (पक्षांचे उमेदवार ठरवणारी) असते. केंद्राच्या दारापासून १०० फुटांवर छोटे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या पलीकडे उभं राहायचं. आतून बाहेर येणारा प्रत्येक माणूस नोंदणीकृत मतदार आहे, आणि काउंटीही ठरलेली. तासाभरात जितक्या चांगल्या सह्या इथे मिळतात तितक्या जत्रेत दिवसभरात मिळत नाहीत. तुमचं वेळापत्रक काहीही असो, छापलेल्या पुस्तिका या दिवसाच्या आधी हातात पडतील असं बघा.

बोलणं थोडक्यात. ‘मी चौथीला शिकवते, हा कायदा मतदानाला जावा म्हणून सह्या घेतोय, तुम्ही या काउंटीत नोंदणीकृत आहात का?’ इतकं पुरे. जो वाद घालायला थांबतो तो सही करत नाही, आणि तेवढ्यात सही करणारे दोघे पुढे निघून जातात. कुणी शिव्या घातल्या तर ‘थँक यू’ म्हणून पुढच्याकडे वळा. कायदा वाचायला मागितला तर पुस्तिका हातात द्या, त्यासाठीच तो छापलेला असतो.

मोजणी रोजच्या रोज

२०२२ मध्ये ॲरिझोनात व्हाउचरच्या कायद्याविरुद्ध सह्या दाखल झाल्या, तेव्हा आयोजकांनी जाहीर केलेला आकडा १ लाख ४१ हजारांच्या वर होता. गरज होती १,१८,८२३ ची. प्रत्यक्ष पानं मोजली तेव्हा सह्या ९० हजारांच्याही आत निघाल्या. हेच लोक २०१८ मध्ये अशाच कायद्याला मतदानात हरवून आले होते, म्हणजे अनुभव नव्हता असंही नाही. अंदाजाने बेरीज केली की असं होतं.

प्रत्येक पुस्तिकेला क्रमांक हवा. कुणाला दिली, कधी परत आली, किती सह्या, त्यातल्या आपल्या तपासणीत किती टिकल्या, हे एका तक्त्यात रोज भरायचं. परत न आलेल्या पुस्तिकेतल्या सह्या शून्य धरायच्या. ‘माझ्याकडे अजून दोनशे आहेत, आणतो’ असं फोनवर सांगणाऱ्याचे दोनशे मोजू नयेत. गाड्यांच्या डिक्कीत पडून राहिलेल्या पुस्तिका हा प्रत्येक स्वयंसेवी मोहिमेचा जुनाट आजार आहे. शेवटच्या दहा दिवसांत त्या गोळा करत फिरणारा एक माणूस वेगळाच नेमा.

पैशाचा हिशेबही याच शिस्तीने. समिती रीतसर नोंदवायची, खजिनदार नेमायचा, प्रत्येक देणगी आणि प्रत्येक बिल लिहून ठेवायचं. पैसे देऊन माणसं नेमायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच पैसे देऊन सह्या गोळा करवून घेण्यावर बंदी घालता येत नाही असं सांगितलंय. माझं म्हणणं, छपाईचे पैसे उभे राहिल्याशिवाय बाकी कशावरही खर्च करू नये.

दाखल केल्यानंतर

सह्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जातात आणि तिथून प्रत्येक काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडे तपासणीला. कमी पडल्या तर ओहायोत आणखी दहा दिवस मिळतात. या दहा दिवसांवर भिस्त ठेवू नका, पण पुस्तिकांचा एक गठ्ठा तयार ठेवा. युटासारख्या राज्यात सही मागे घ्यायचीही सोय आहे, आणि विरोधक सही केलेल्यांना गाठून तसं करायला सांगतात. तिथे सही घेतानाच माणसाला कायदा नीट समजावून सांगितला असेल तर तो बधत नाही.

विधिमंडळ गप्प बसतंच असं नाही. नेब्रास्कात २०२३ मध्ये खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्यांना करसवलत देणाऱ्या कायद्याविरुद्ध सह्या पुरेशा झाल्या, तेव्हा विधिमंडळाने २०२४ मध्ये तो कायदा मागे घेऊन त्याच धर्तीचा दुसरा आणला. लोकांनी उन्हाळ्यात पुन्हा सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबरमध्ये तोही रद्द करवला. युटात उलट झालं. २०२५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना सामूहिक वाटाघाटी बंद करणाऱ्या कायद्याविरुद्ध १,४०,७४८ सह्यांची गरज असताना अडीच लाखांहून अधिक वैध ठरल्या, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने मतदानाची वाट न बघता तो कायदा स्वतःच रद्द केला.

मतदानापर्यंत गेलात तर मतपत्रिकेवरचा प्रश्न कसा विचारला जाणार ते आधी बघा. ओहायोत मतदारांना विचारतात की हा कायदा मंजूर आहे का. म्हणजे कायदा नको असणाऱ्याने ‘नाही’ म्हणायचं. नेब्रास्कात मात्र पर्याय ‘रद्द करा’ आणि ‘कायम ठेवा’ असे होते. चार महिने ‘कायदा रद्द करायला हो म्हणा’ असं सांगत फिरल्यावर लोकांना ‘नाही’वर खूण करायला लावणं फार जड जातं, म्हणून मतपत्रिकेची भाषा अधिकृतपणे ठरेपर्यंत टी-शर्ट आणि पत्रकं छापायला टाकू नका.